शालन, तुझा कापलेला शॉट

शालन, परवा तुझा जलदानविधी झाला, काल सिनेमावाल्यांनी शोकसभा घेतली आणि आज सकाळपासून माझ्या घरचा फोन वाजतोय. शिव्या देणारेच जास्त आहेत. 'मेलेल्या बाईच्या सभेत असा तमाशा करत्यात व्हय बापू?' असं विचारतात. मी सगळ्यांना एकच सांगतो की करतात, आणि गरज पडली तर अजून एकदा करीन. ज्या गोष्टीवरून आपण तीस वर्षं भांडलो, ती काल मी तुला न विचारता उरकली. तू असतीस तर करू दिली नसतीस, म्हणून आता बसून तुला सगळं रीतसर सांगतो.

लोकांच्या लेखी आपली ओळख एवढीच, की मी तुझे केस ओढणारा आणि तू ओढून घेणारी. काळ्या-पांढऱ्या जमान्यात आपल्या कोल्हापूरच्या स्टुडिओत जेवढे पिक्चर निघाले, त्यातल्या निम्म्यांत मी खलनायक होतो आणि तू कुणाची तरी वहिनी, बहीण, नाहीतर विधवा मावशी. दर पिक्चरात मी तुला घराबाहेर काढायचो. शेवटच्या रिळात नायक मला बडवायचा, लोक टाळ्या पिटायचे आणि तू पदराआड हसायचीस, कारण त्या मारामारीत मला खरोखर लागलेलं असायचं.

पहिल्या वेळी मीच घाबरलो होतो. तू नेसरीहून नवी आलेली, अंगात मांस नाही, आणि डायरेक्टर म्हणतोय हिला केसांना धरून अंगणभर फरफटव. मला घाम फुटलेला बघून तूच मला बाजूला घेतलंस. म्हणालीस, "हे बघा पावणं, केस मुठीत धरायचं, पर वडायचं न्हाय. मी दोन्ही हातानं तुमचं मनगाट धरतो. भार समदा मनगाटावर. मी जाईन तसं तुमी म्हागनं या." तसंच केलं. पडद्यावर दिसायचं की मी तुला ओढत नेतोय. खरं तर तू मला नेत होतीस आणि मी डोळे वटारून मागून चालत होतो. ही गोष्ट आपल्या धंद्यात ज्यानं एकदा केली त्याला जन्मभर ठाऊक असते, आणि ज्यानं केली नाही त्याला कितीही पुरस्कार मिळाले तरी ठाऊक नसते.

तुझे उपकार मी विसरलेलो नाही. मंडईत भाजीवाल्या बाया मला भाजी द्यायच्या नाहीत. एकीनं तर वांगी हिसकावून घेतली होती, "त्या बिचारीला वडतोस व्हय रे मुडद्या" म्हणून. माझं लग्न जमेना. कागलची एक पोरगी मला पसंत होती, पण तिच्या आईनं ठणकावून सांगितलं की असल्या माणसाला पोरगी देण्यापेक्षा विहिरीत ढकलीन. तू एसटीनं कागलला गेलीस. त्या बाईच्या दारात उभी राहिलीस आणि अंबाडा सोडलास. म्हणालीस, "मावशी, ह्या माणसानं माझं केस किती पिक्चरात वडलंत ते तुमी बघितलंय. आता हात लावून बघा. एक तरी कमी झालाय का सांगा." बाईनं खरंच हात फिरवून बघितला. पुढच्या महिन्यात माझं लग्न लागलं. माझी बायको तुला शेवटपर्यंत 'वन्सं' म्हणत आली, आणि तू गेल्यापासून तिनं स्वयंपाकघरात रडून रडून डोळे सुजवून घेतलेत.

आता साहेबाबद्दल. साहेब कोण ते तुला सांगायला नको, पण हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्याला कळावं म्हणून लिहितो. साहेब म्हणजे आपला नायक, आणि निर्मातासुद्धा तोच. त्याचं नाव मी लिहिणार नाही. ते भिंतींवर आणि फलकांवर भरपूर लिहून झालंय. तू त्याच्या पिक्चरात त्याची वहिनी व्हायचीस, आई व्हायचीस, आणि त्याच्या घरी गेलीस की तुझा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. तू तो स्वतः धुवून परत पालथा घालायचीस. मी एकदा माझा चहा तुझ्या कपात ओतून प्यालो, तर बाहेर आल्यावर तू माझ्यावरच भडकलीस. "माझं मी बघतो, तू मधी पडू नगंस."

आपलं भांडण ज्या पिक्चरावरून, त्यात तू त्याची विधवा वहिनी होतीस आणि मी पाटलाचा कारभारी. कागदावर एवढंच होतं, की कारभारी तिला चुलीपासून ओढत फाटकाबाहेर आणतो, ढकलतो आणि मोठ्यानं हसतो. हसण्यावर कट. मी तुला ढकललं. तू पडलीस. पडल्या जागी बसून आधी केस बांधलेस, सावकाश, पूर्ण गाठ मारून. मग उठलीस, पदराची माती झटकलीस आणि माझ्याकडं न बघता माझ्या शेजारून परत घरात गेलीस. चुलीपुढं बसलीस आणि फुंकणी तोंडाला लावून जाळ करायला लागलीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला हसायचं होतं आणि मला हसूच आलं नाही. मी फाटकात तोंड उघडं टाकून उभा. डायरेक्टर कट म्हणायचा विसरला, कॅमेऱ्यातली फिल्म संपली तेव्हा शॉट थांबला. आणि तू आतून विचारलंस, "झालं का वो? धुरानं डोळं चुरचुरालेत."

तेव्हा पहिल्या आठवड्यात नायकानं टॉकीजच्या दारात उभं राहायची पद्धत होती. खेळ सुटला की लोक बाहेर येत, पाया पडत, हार घालत. साहेब पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला. लोक बाहेर आले आणि त्यालाच विचारायला लागले, "ती वहिनी कोण वो? ती कुठं ऱ्हाती?" मी शेजारीच होतो, त्याचा चेहरा मी बघितला. तीन खेळ तो उभा राहिला आणि चौथ्याला आला नाही.

पुढं पुरस्कारासाठी नामांकनं आली. त्याचं नायक म्हणून, तुझं सहायक अभिनेत्री म्हणून. पेपरात दोघांची नावं एकाखाली एक होती. त्याच सुमाराला पिक्चर गडहिंग्लजला लागला आणि तू आईवडिलांना नेसरीहून बोलावून घेतलंस. त्यांनी तुझं एकही काम तोवर बघितलं नव्हतं. मलाही सोबत नेलंस. "आबांनी तुला मारलं तर सोडवायला मी हाय," असं म्हणालीस. आबा नवीन धोतर नेसून आले होते.

मी तुला ढकललं. तू पडलीस. आणि पुढच्या क्षणाला साहेब घोड्यावरून आला.

केस बांधणं नाही, उठणं नाही, चूल नाही. तू पडलीस ती पडलेलीच राहिलीस. मला वाटलं रीळ तुटलं असेल. मी उठून वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो, तर ऑपरेटर म्हणाला प्रिंटच अशी आलीय. बाहेर आल्यावर आबांनी तुला विचारलं, "पोरी, तू पडलीस, मग फुडं तुजं काय झालं?" तू म्हणालीस, "काय न्हाय आबा, घरात गेलतो की. चूल पेटवायची हुती." आबांनी मान हलवली. तुझे आबा पुढं वारले ते तुला उठताना न बघताच वारले, शालन. ह्याची भरपाई कुठल्या शालीनं होते ते मला कुणीतरी सांगावं.

एडिटरनं मला स्वतः सांगितलं की साहेबानं शेजारी बसून ते कापायला लावलं. निगेटिव्हसुद्धा कापली. निवडीच्या शेवटच्या फेरीला तीच प्रिंट गेली. साहेबाला पुरस्कार मिळाला. तुझ्या वाट्याला नामांकन राहिलं, आणि पुढच्या वर्षांत अजून दोन नामांकनं, तीही नुसतीच.

मी त्याच्या घरी जायला निघालो होतो. हातात काय होतं ते आता लिहीत नाही. तू रस्त्यात गाठलंस आणि म्हणालीस, "बापू, त्याच्या फुडच्या पिक्चरात काम हाय मला. तू तोंड उघडलंस की माझं गेलं. माझ्या पोटावर पाय देऊ नगंस." मी परत फिरलो. पुढची तीस वर्षं दर दिवाळीला, दर गणपतीला, कुणाच्याही लग्नात मी तो विषय काढायचो आणि तू तो झाकायचीस. मी तुला भित्री म्हणायचो. तू म्हणायचीस, "व्हय बाबा, भित्री. वाढू का अजून आमटी?"

मग केबल आली, स्टुडिओच्या जागेवर प्लॉट पडायला लागले आणि नव्वदच्या पुढं कधीतरी कुणाला तरी आपली आठवण झाली. जुन्या काळातल्या पुरस्कारविजेत्यांचा आणि नामांकितांचा सत्कार. विजेते स्टेजवर सोफ्यावर, नामांकित खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. विजेत्यांना शाल, नारळ आणि मूर्ती, नामांकितांना एकेक गुलाबाचं फूल. खलनायक कधी विजेता नसतो आणि नामांकितही नसतो, मी तुझा सोबती म्हणून आलो होतो, मला चहाचं कूपन मिळालं. साहेब बोलायला उठला. "शालन आमच्या घरातलीच," म्हणाला. "कच्ची होती पोरगी, केस ओढायचा शॉट म्हटलं की रडायची. मी शिकवलं तिला, कसं पडायचं आणि कसं उठायचं." कसं उठायचं, हे त्याच्या तोंडून आलं. मी खुर्चीतून उठलो तर तू माझं मनगट धरून मला खाली बसवलंस आणि दुसऱ्यांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवल्यास.

त्या दिवशी रंकाळ्यावर आपण कडाकडा भांडलो. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. तू म्हणालीस, "त्यानं माझा शॉट कापला, तरीबी आजून भाषणात माझंच नाव घ्यावं लागतंय त्याला. त्याला झोप लागत नसंल, बघ." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. साहेबाला झोप उत्तम लागते, त्याची तब्येत बघ.

आणि काल. तुझ्या शोकसभेचा फलक बघितला असतास तर हसली असतीस. एका कोपऱ्यात तू, दुसऱ्या कोपऱ्यात तो, आणि त्याचा फोटो मोठा. तुझ्या नावाआधी 'कै.' लावलेलं. तुमच्यात, बौद्धांत, कालकथित लिहितात, हे तुझ्या भाचीनं, सुमननं, आधी सांगूनही कुणी ऐकलं नव्हतं. घरातलीच म्हणतो आणि घरात काय म्हणतात ते ठाऊक नाही. साहेबानं रुमाल काढून डोळे पुसले, तीच जुनी गोष्ट परत सांगितली आणि शेवटी जाहीर केलं की दर वर्षी तुझ्या नावानं सहायक अभिनेत्रीला पुरस्कार द्यायचा, त्याच्या हस्ते. टाळ्या झाल्या. शालन, त्याक्षणी माझं डोकं एकदम शांत झालं. पडद्यावर आयुष्यभर सूड घ्यायचा आणि शेवटी मार खायचा, हा माझा धंदा होता. काल पहिल्यांदा मला वाटलं की शेवटचं रीळ आपल्या हातात आहे.

मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही शिकवलंत म्हणता, तर ह्या नव्या पोरांना एकदा दाखवा की. मी शालन होतो. तुम्ही मला ओढा." लोक हसले. साहेबही हसला, कारण समोर केबलवाल्याचा कॅमेरा होता. मी स्टेजवर गुडघ्यावर बसलो. माझ्या डोक्यावर उरलेत तेवढे केस त्यानं मुठीत धरले आणि खरंच ओढले. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. त्याला ठाऊकच नव्हतं. इतके पिक्चर केले, इतक्या बायांना ओढताना जवळून बघितलं, पण कधी कुणाला विचारलं नाही की ही करते काय.

मग मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि चालायला लागलो. गुडघ्यांवर. तो माझ्यामागून वाकून, धडपडत. टेबलाला एक वळसा, माइकपाशी दुसरा. "सोड बापू, हात सोड," तो हळूच म्हणाला, आणि ते माइकमधून सगळ्यांनी ऐकलं. जन्मभर नायक होता, काल त्याला खलनायकाचं काम दिलं आणि त्याला ते जमेना. मी त्याला तुझ्या फोटोसमोर आणला आणि विचारलं, "साहेब, हितनं पुढं ती काय करते?"

"पडते," तो म्हणाला.

"मग?"

"मग मी येतो. घोड्यावरनं."

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. ओळखीचा नव्हता. म्हणाला, "न्हाय वो. मग ती केस बांधती की." आणि बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "मग आत जाऊन फुंकणी घेती. मी बघितलंय, पयल्या आठवड्यात." अजून एकदोघं बोलायला लागले. शालन, लोकांच्या डोक्यातून तो शॉट कुणाला कापता आलेला नाही. तो तुझा होता आणि तीस वर्षं ह्या गावात तसाच पडून होता.

साहेबानं माइककडं बघितलं. "लई लांबला हुता तो," म्हणाला. "कापावा लागला."

मला एवढंच हवं होतं. त्याच्या तोंडून, भर सभेत. मी त्याचं मनगट सोडलं. खाली बसून डोक्यावर नसलेल्या केसांची गाठ मारली, सावकाश. गुडघे उठू देत नव्हते, सुमन धरायला आली, तिला नको म्हणालो. आपलं आपण उठलो, धोतर झटकलं आणि त्याच्याकडं न बघता त्याच्या शेजारून खाली उतरलो. सुमननं माइक घेऊन सांगितलं की मावशीचं नाव कुठल्याही बक्षिसाला द्यायचं नाही. सभा तिथंच मोडली. साहेबाचा रक्तदाब वाढला म्हणे. बरं झालं. माझं समाधान झालं का, असं विचारशील तर झालं. खोटं कशाला बोलू.

पण बाहेर चपला घालताना सुमन जवळ आली. म्हणाली, "बापूमामा, मावशीनं तुमाला एवढी वर्षं का आडवलं, ठाव हाय?" मी म्हणालो, तिच्या पोटाचा प्रश्न होता. सुमननं मान हलवली. "तिच्या न्हवं, तुमच्या. साहेबानं तिला बोलावून सांगितलं हुतं, बापू लई उड्या मारालाय. त्याला आवर, न्हायतर त्याला ह्या स्टुडिओत फुडं काम न्हाय. तवा तुमची थोरली पाळण्यात हुती. मावशी मला दवाखान्यात म्हणाली, बापूला सांगू नगंस, तो त्याला जित्ता सोडायचा न्हाय."

मी तिथंच पायरीवर बसलो. त्यानं नुसता तुझा शॉट कापला नाही, माझं नाव घेऊन तुझं तोंड बंद केलं. आणि मी दर दिवाळीला तुझ्या घरी तुझ्याच हातची आमटी खात तुला भित्री म्हणत राहिलो, आणि तू वाढत राहिलीस. एकदा तरी सांगायचं होतंस, शालन. मी हमाली केली असती. मी मंडईत वांगी विकली असती. तुला उठताना तुझ्या आबांनी बघायला हवं होतं, त्यापुढं माझी कसली आलीय नोकरी.

काल घरी येताना मला वाटत होतं की आता साहेबाचं आणि माझं सगळं फिटलं. काही फिटलं नाही. तो अजून जिवंत आहे, आणि मीही आहे.